शेवटची झॉम्बी घरातच

रविवार, रात्र

'माय डॉटर इज अ झॉम्बी' आज पुन्हा पहिल्या भागापासून उघडली. ली युन-चांग यांची ही कोरियन वेबटून, म्हणजे फोनवर वाचायची चित्रकथा-मालिका, २०१८ ते २०२० मध्ये नेव्हर वेबटून या मंचावर चालली, २०२५ च्या जुलैत तिच्यावरचा सिनेमा आला. बीज एवढंच: सगळे झॉम्बी संपलेत, एकच उरली आहे, आणि ती आपली पोर. बाप तिला गावी आपल्या आईकडे नेऊन लपवतो.

सगळी गोम त्या 'एकच'मध्ये आहे. झुंड असली की दार लावा, पळा, एवढंच उरतं. जू डोंग-गुन यांच्या 'ऑल ऑफ अस आर डेड' या वेबटूनमध्ये (२००९–११) शाळाभर झॉम्बी आहेत, म्हणून जीव वाचवणं हाच पहिला प्रश्न. एकच उरली की भीतीची दिशा उलटते. दारावर थाप पडली, शेजारीण डोकावली, तरी धस्स होतं. कुटुंबाची गोष्ट तिथे वेगळी घुसवावी लागत नाही.

हे चितारायचं कसं, ते दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेवर ठरतं. वेबटूनला पान उलटणं नाही, अंगठ्याने खाली सरकत जायचं. पट्टीची रुंदी ८०० पिक्सेल धरली, तर ९:२० प्रमाणाच्या फोनवर एका वेळी साधारण १७५० पिक्सेल उंची दिसते. शांत चौकटीखाली ४०० पिक्सेलवर चावा काढला, तर वाचक वरचा संवाद वाचत असतानाच खालचे दात त्याला दिसतात आणि दचका वाया जातो. किमान हजार-बाराशेची जागा हवी. पण प्रत्येक भागात तेच केलं की वाचक ओळखतो आणि कोरा भाग झटक्यात ओलांडतो. टॅब्लेटवर पट्टी रुंदीभर पसरली की उंची कमी दिसते, म्हणून तीच जागा तिथे दुप्पट लांब वाटते. दोन्हीकडे पाहिल्याशिवाय भाग पक्का करू नये.

जेवणाच्या प्रसंगाला मात्र १५०–२०० पिक्सेल पुरतात, आणि ते सारखे हवेत. वाटी, चमचा, आजीचा हात, पुन्हा वाटी. वाचकाचा अंगठा एका लयीत पडला की मगच ती लय मोडायची. इथे बहुतेकांची चूक होते ती पार्श्वभूमी आधीच काळी करण्याची. काळा रंग दिसला की वाचक सावध होतो. घरातली भीती पांढऱ्यावरच ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

एक किरकोळ पण नडणारी गोष्ट: लांब पट्टी १२८० पिक्सेलच्या तुकड्यांत कापून चढवतात. काप चेहऱ्यावरून गेला तर काही फोनवर बारीक रेघ उमटते. काप नेहमी मोकळ्या जागेत घ्यावा.

भाषांतरात घरच पहिलं निसटतं. कोरियन घरात वाढदिवसाला मियॉक-गुक, म्हणजे समुद्री शेवाळाचं सूप, करतात. आजीने झॉम्बी नातीपुढे ते ठेवलं आणि संवादाच्या फुग्यात नुसतं 'सूप घे' आलं, तर तिने तारीख लक्षात ठेवली होती हे हरवतं. सिनेमात आजी नातीला आवरते ती पाठ खाजवायच्या लाकडी काठीने. कोरियनमध्ये तिचं नाव ह्योजासोन, म्हणजे 'गुणी लेकाचा हात'. लेक मुलीसाठी जिवाचं रान करतो आणि आजीच्या हाती ही काठी, हे 'काठी' शब्दात कसं येणार? इंग्रजीत काका-मामा दोघेही 'अंकल' होतात. कोरियनमध्ये सामचोन आणि वेसामचोन वेगळे, आपल्यासारखेच. त्यामुळे इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याने नातं मुळातून तपासावं.

आणि बापाला कोरियन मूल हाक मारतं 'आप्पा'. आपल्याकडे कित्येक घरांत हीच हाक आहे, ती बदलून 'बाबा' करू नये. कारण झॉम्बीची गुरगुर उघड्या तोंडाचा 'आ' असते. 'आप्पा'ची सुरुवात त्याच 'आ'ने होते, म्हणून गुरगुर कुठे संपली आणि हाक कुठे सुरू झाली, हे बापालाही कळत नाही. 'बाबा'त तो संशय उरत नाही. चित्रकाराने तिथे एकच चौकट जास्त काढावी, फुगा न देता: दात झाकले गेलेत, दोन्ही ओठ मिटलेत.