एका घरातली तीन वयं आणि स्वीडनचं गाणं

मार्च 2025. बाहेर अजून बर्फाचे ढीग, आणि स्वीडनमधल्या आमच्या उप्सालाच्या घरात मतदानाची तयारी. मेलोडीफेस्टिवालेन, म्हणजे युरोव्हिजनला, देशादेशांमधल्या गाण्यांच्या स्पर्धेला, स्वीडनचं कोणतं गाणं जायचं हे ठरवणारी स्पर्धा. सहा शनिवार चालते. फेब्रुवारीच्या अंधारात इथे दुसरं करायचं तरी काय असतं!

मत ॲपवरून फुकट देता येतं. गाणं सुरू झालं की पडद्यावर हृदय येतं, ते दाबायचं. एका गाण्याला जास्तीत जास्त पाचदा. पण ॲप आधी वय विचारतं, आणि खरी मेख तिथेच आहे. मतांचे वयानुसार सात गट पडतात: 3 ते 9 पासून थेट 75 च्या पुढच्यांपर्यंत. फोनवरून दिलेली मतं हा आठवा गट. अंतिम फेरीत प्रत्येक गट आपापले 12, 10, 8 असे गुण वाटतो. म्हणजे बालवाडीतल्या पोरांचे 12 आणि आजोबांचे 12 सारखेच.

आमच्याकडे तेव्हा कणकवलीहून सासूबाई आल्या होत्या. वय 68. मुलगा आठ वर्षांचा, मी 38. म्हणजे तीन गट एका सोफ्यावर!

अंतिम फेरीच्या अर्धा तास आधी कळलं की माझ्या फोनवर वय आठ आहे. पहिल्या शनिवारी चिरंजीवांनी ॲप उघडून स्वतःचं वय टाकलेलं, आणि महिनाभर मी बालगटातून मतं देत होते. घोळ माझाच, तपासलं कुठे होतं! शेवटी तो फोन त्यालाच दिला, नवऱ्याचा मी घेतला आणि सासूबाईंच्या फोनवर ॲप नव्याने टाकलं. नवरा भाकऱ्या थापत होता, त्याचं मत गेलं.

फुकटची हृदयं लोक सगळ्याच गाण्यांना वाटत सुटतात. सगळ्यांना पाच दिली तर कुणालाच काही दिलं नाही, असं माझं मत. सासूबाई मात्र हिशेबी. अकरा गाण्यांना काही नाही, एकाला पाच.

ते एक म्हणजे 'बारा बादा बास्तू'. गाणारे तिघे, केविन, अक्सेल, याकोब. आद्याक्षरं जोडून गटाचं नाव 'काय' (KAJ). तिघेही फिनलंडच्या वोरो गावचे, तिथल्या स्वीडिश बोलीत गातात. विषय काय, तर बास्तू, लाकडी खोलीत बसून वाफ घ्यायची ती. मागे टॉवेल गुंडाळलेले लोक नाचतायत. माझं वर्गात शिकलेलं स्वीडिश तिथे लंगडं पडलं. शेजारीणही म्हणाली, अर्धं डोक्यावरून गेलं. सासूबाईंना तर स्वीडिशचा गंधच नाही, पण त्यांना अडलं नाही.

"माका शब्द कळले नाय, पण ठेको बरो आसा."

अंतिम फेरीत परदेशी परीक्षकही गुण देतात. त्यांच्या गुणांत मोन्स सेल्मेरलेव्ह पुढे होता, 2015 चा युरोव्हिजन विजेता. घरात शांतता. मग जनतेची मतं उघडली. एकूण गुण: 'काय' 164, मोन्स 157. सासूबाईंनी फोन असा खाली ठेवला, जणू सात गुण त्यांनीच टाकले! 1998 नंतर पहिल्यांदाच स्वीडनचं गाणं स्वीडिशमध्ये जाणार होतं.

मेमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला युरोव्हिजन. तोवर त्या परत गेल्या होत्या. आम्ही इथे बसून हात चोळत होतो, कारण तिथे स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. आणि गंमत बघा, स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या लोकांना ऑनलाइन मत देता येतं. म्हणजे उप्सालातून मनाई आणि कणकवलीतून मुभा! तिथे रात्रीचा साडेबाराचा सुमार, तरी मी फोन लावला. जाग्याच होत्या. सगळं समजावलं: वेबसाइट, देश, मग कार्ड.

"कार्ड कित्याक?"

"आई, तिथे मताला पैसे पडतात."

"पैशे मोजून मत? माका नको गो." फोन ठेवला.

स्वीडन चौथं आलं.