आईचा ऑक्सिजन ९५ होता, हिमोग्लोबिन ६.४

मे २०२१ मध्ये आईला कोरोना झाला. कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेत तेव्हा एक दिवसाआड कुणाच्या तरी दारात ॲम्ब्युलन्स उभी राहायची. आईचं वय ४७. ताप सहाव्या दिवशीही उतरेना, म्हणून दादानं तिला एका खाजगी हॉस्पिटलात दाखल केलं. बेड मिळाला यातच आम्हाला देव पावल्यासारखं झालं होतं.

त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांना काही आकडे तोंडपाठ असायचे. फुफ्फुसांत आजार किती पसरलाय ते सांगणारा सीटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी ११. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज किती ते सांगणारा आकडा, ८६. फेरीटीन २१०. रक्ताच्या गुठळ्यांचा इशारा देणारा डी-डायमर थोडा वाढलेला. आणि दिवसातून दहा वेळा विचारायचा तो ऑक्सिजन. मामा सकाळी फोन करायचे ते "किती हाय?" एवढंच विचारायला. मास्क लावून ९५ आहे म्हटलं की तेही श्वास सोडायचे आणि मीही.

रिपोर्टचा फोटो पहिल्याच दिवशी दादाच्या फोनमध्ये आला होता. त्याच कागदावर सगळ्यात वर हिमोग्लोबिन ८.१ असं छापलेलं होतं. शेजारी एल हे अक्षर होतं, म्हणजे कमी. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, ८ च्या खाली गेलं की फारच कमी. खाली एमसीव्ही ६३ होता, म्हणजे तांबड्या पेशी आकारानं बारीक. हे मला आज कळतं. तेव्हा आम्ही सगळ्यांनी ती ओळ ओलांडून खालचे आकडे पाहिले, आणि वॉर्डातही त्या गर्दीत ती ओळ मागेच पडली. त्या एका ओळीचं मला अजून वाईट वाटतं.

नातेवाइकांना आत सोडत नव्हते. डबा आणि लागेल ते सामान गेटवर द्यायचं, पिशवीवर नाव आणि बेड नंबर लिहायचा. तिसऱ्या दिवशी आईनं मला फोन करून हळूच सांगितलं, "पॅडचं एक पाकीट पाठव, आणि दादाला काय सांगू नको." मी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक मागितलं, संध्याकाळी तिसरं. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाली, "कपाटात खालच्या कप्प्यात जुनी सुती साडी हाय, ती फाडून दे." ती साडी फाडताना माझे हात थांबले. एवढं रक्त जातंय आणि आम्ही बोटावरचा आकडा बघत बसलोय.

मी तिला व्हिडिओ कॉल केला. मास्कच्या वर जेवढा चेहरा दिसत होता तेवढा पांढराफट्ट होता. ऑक्सिजन ९५, पण कुशीवर वळलं तरी धाप लागते म्हणाली. छाती धडधडते म्हणाली. मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलंस का? "काय सांगायचं? ह्या वयात होतंयच की सगळ्या बायकांना. दम लागतोय तो कोरोनाचा." राऊंडला येणारे डॉक्टर पुरुष, पीपीई किटमध्ये कोण आहे ते कळत नाही, शेजारच्या बेडवर परकी माणसं. ती बोललीच नव्हती.

मी हॉस्पिटलच्या नंबरवर पस्तीस-चाळीस मिनिटं फोन लावत राहिले. शेवटी ड्युटीवरच्या डॉक्टर बाईंनी उचलला. मी घाबरत घाबरत एका दमात सांगितलं: पाळी चालू आहे, दोन दिवसांत तीन पाकिटं संपली, आता साडीचे तुकडे वापरतेय. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग त्यांनी विचारलं, "आधीपासून जास्त जातं का?" अर्ध्या तासात रक्त तपासायला घेतलं. हिमोग्लोबिन ६.४.

कोरोनात रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणून आईला रक्त पातळ करायचं इंजेक्शन रोज पोटात देत होते. ते गरजेचंच होतं. पण मुळात जास्त जाणाऱ्या पाळीत त्यामुळे भर पडली. शिवाय रोज पहाटे तपासण्यांसाठी नळ्या भरून रक्त काढत होते ते वेगळंच. इंजेक्शनचा डोस किती ठेवायचा यावर त्या डॉक्टर आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ फोनवर बोलल्या, आणि रक्त चढवायचं ठरलं. साधारणपणे ७ च्या खाली गेलं की चढवतात.

त्याच डॉक्टर बाईंनी मला समजावलं ते मी विसरणार नाही. ऑक्सिमीटर टक्के सांगतो, रक्त किती आहे ते सांगत नाही. "केएमटीच्या तेरा बस सुटायच्या तिथं सहाच सुटल्या, त्या सहाही भरून गेल्या. बसमध्ये बघणाऱ्याला गाडी फुल दिसते. स्टॉपवर निम्मी माणसं तशीच उभी." नंतर मी हिशेब करून पाहिला. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन १३ म्हणजे १०० मिली रक्तात १३ ग्रॅम; अशा बाईच्या तेवढ्या रक्तात ९५ टक्क्यांना साडेसोळा मिली ऑक्सिजन भरतो. आईच्या रक्तात तेवढ्याच टक्क्यांना आठ मिली. फुफ्फुसं आधीच अर्धवट काम करत होती, त्यात ही तूट. हृदयानं धडधडून ती भरून काढायची धडपड चालवली होती.

रक्त मिळवणं हे दुसरं दिव्य. बँकेत साठा कमी, बदली रक्तदाता आणा म्हणाले. शिबिरं बंद, आणि नुकतीच लस घेतलेल्यांना १४ दिवस रक्त देता येत नव्हतं. दादाच्या तालमीतल्या दोन पोरांनी अजून लस घेतली नव्हती, ती पावसाची सर अंगावर घेत मोटरसायकलवर आली. रात्री साडेअकराला पहिली पिशवी लागली, दुसऱ्या दिवशी दुसरी. एका पिशवीनं साधारण १ ग्रॅम वाढतं. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा तिनं पूर्ण वाक्यं बोलून दाखवली, मध्ये न थांबता.

२४ मेला ती घरी आली. डिस्चार्ज कागदावर हिमोग्लोबिन ८.३. घरातल्यांना वाटलं आता बीट, खजूर, गूळ, आळिवाचे लाडू चारले की झालं. आम्ही कोल्हापूरचे, गुळावर विश्वास दांडगा. हे सगळं खावं, पण एवढी तूट त्यानं भरत नाही. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. आई त्या चहाबरोबर घ्यायची. चहानं लोह अंगी लागत नाही, हे फॅमिली डॉक्टरांनी सांगितल्यावर गोळी आणि चहात दोन तासांचं अंतर ठेवलं, गोळीबरोबर लिंबूपाणी. तरी पोट बिघडायचं, आणि महिन्याला पाळी होतीच.

मला एक गोष्ट खटकत होती. फेरीटीन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मग हॉस्पिटलात ते २१० कसं? जूनअखेर पुन्हा तपासलं तर ६. डॉक्टरांनी सांगितलं, आजारानं अंगात आतून सूज असली की फेरीटीन आपोआप चढतं, तेव्हाच्या आकड्यावरून साठा कळत नाही. जोडीला यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढवतं, त्यानं आतड्यातून लोह आत येणं थांबतं आणि साठ्यातलंही बाहेर निघत नाही. आजारात शरीरच लोह कुलपात ठेवतं. म्हणून तेव्हा शिरेतून लोह दिलं नव्हतं.

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, चार सेंटिमीटरची. किती वर्षांपासून पाळी अशी आहे, विचारल्यावर आई म्हणाली, "सहा-सात तरी." एकाच घरात राहून मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी तिची नखं पाहिली, मधून चमच्यासारखी खोलगट. मग विचारलं, "माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं?" आई खाली बघून हसली. तांदूळ निवडताना मूठभर तोंडात टाकायची तिची सवय मी लहानपणापासून बघत होते. आजी तिला रागवायची. तो लोह कमी असल्याचा इशारा आहे, हे आमच्या गावीही नव्हतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांचं रक्त कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. किती घरांत तांदूळ असे निवडले जात असतील.

डॉक्टरांनी कागदावर गणित मांडलं: वजन ५०, हिमोग्लोबिन ८.५, लागणारं लोह सुमारे १३०० मिलिग्रॅम. १६ जुलैला शिरेतून १००० दिलं, सलाइनमधून, नंतर अर्धा तास बसवून ठेवलं. उरलेला डोस आठवड्यानं होता, पण २३ जुलैला पंचगंगेचा महापूर. शाहूपुरीतल्या दवाखान्याकडे जायच्या रस्त्यावर पाणी, नळाला पाणी नाही, आम्ही टँकरची वाट बघत. तो डोस ऑगस्टमध्ये झाला.

ऑक्टोबरमध्ये १२.१ आलं. नोव्हेंबरमध्ये गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, रक्ताची पिशवी लागली नाही. त्यानंतर आईनं स्वतःच शेजारच्या काकूंना आणि माझ्या दोन्ही मावश्यांना सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन कळणारी साधी रक्ततपासणी, करायला लावलं. धाकट्या मावशीचं ७.९ निघालं.

परवा ती ओट्याशी तांदूळ निवडत होती. मी मुद्दाम जवळ बसून बघितलं. ताट पूर्ण निवडून झालं, खडे एका बाजूला, हात तोंडाकडे गेला नाही. मी म्हटलं, "आई, कच्चे तांदूळ खात नाहीस आता?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "व्हय की, खावंसंच वाटत नाही."