फोन कुलपात होता

शनिवार, रात्र

काल मला झोप लागली. गाढ, कूससुद्धा न बदलता, थेट पहाटेपर्यंत. आणि आज दिवसभर जिवाला स्वस्थता नाही ती त्यामुळेच.

घडलं एवढंच, की निघायला उशीर झाला, गाडी मध्येच बराच वेळ थांबून राहिली आणि बदलायची शेवटची गाडी निघून गेली. हा, माझा नवरा, फोनवर म्हणाला, टॅक्सी करून ये. इथे टोकियोत रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत टॅक्सीला वीस टक्के जादा पडतात, पण प्रश्न पैशांचा नव्हता, आणि ते त्यालाही कळत होतं. मी म्हटलं, स्टेशनसमोर ते रात्रभर उघडं असणारं सॉनावालं, म्हणजे घाम काढायची गरम खोली असलेलं, स्नानगृह आहे, तिथेच थांबते, पहिल्या गाडीने येते. तो जरा गप्प राहिला, मग म्हणाला, "बरं. छोटी झोपलीय." सांगलीच्या घराचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

आमच्या गल्लीतल्या सेन्टोला, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाला, मी नेहमी जाते. टोकियोत सेन्टोचा दर सरकारी ठरलेला असतो, 2024 साली तो 550 येन झाला. पण तिथे राहता येत नाही, रात्री बंद होतं. ही मोठी जागा महाग. मध्यरात्रीनंतर थांबायचं तर रात्रीचे पैसे वेगळे. दारातच बूट कप्प्यात ठेवायचे, किल्ली काउंटरवर द्यायची, त्या बदल्यात मनगटाला नंबरचा पट्टा मिळतो. मग पाकीट, घड्याळ, कपडे, फोन, सगळं कपाटात. आत बाटलीतलं थंड कॉफीचं दूध घेतलं तरी ते त्या नंबरावर लिहिलं जातं, हिशोब निघताना.

आत जाताना मी फोन हातात धरून थोडी उभी राहिले होते. मग ठेवला आणि किल्ली फिरवली.

लाजेचं म्हणायचं तर ती आता उरलेली नाही. पहिल्यांदा आले होते तेव्हा तो हातभर टॉवेल कुठे धरू आणि कुठे नको असं झालं होतं. आपल्याकडे अंघोळ म्हणजे कडी लावून. आणि कडीच्या बाहेर कोणीतरी उभंच. "अगं, झालं का? पाणी जाईल!" लहानपणी सावकाश अंघोळ फक्त नरकचतुर्दशीला, आई तेल लावायची, उटणं लावायची, तेवढी. इथे ठेंगण्या स्टुलावर बसून आधी साबणाने स्वतःला स्वच्छ करायचं, मग हौदात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, म्हणून बायका तो घडी करून डोक्यावर ठेवतात. दार वाजवणारं कोणी नाही.

सॉनात भिंतीवर एक घड्याळ असतं. त्यावर तास नसतात, काटा बारा मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. बोलू नका अशी पाटी आहे. मी वरच्या पायरीवर पंचा अंथरून बसले. घाम आधी ओठांवर आला, मग कोपरांवरून मांडीवर टपकायला लागला. त्या काट्याकडे बघत असताना मला दुसरं काहीच सुचत नव्हतं. बाहेर येऊन घाम धुतला आणि थंड पाण्यात उतरले. सतरा अंश. श्वास अडकतो, मग सुटतो. नंतर उघड्यावरच्या खुर्चीत पाय पसरून बसायचं, आणि अंगातून काहीतरी मोकळं होत जातं. काय, ते मला नीट सांगता येत नाही.

झोपायची खोली म्हणजे मागे रेलणाऱ्या खुर्च्यांच्या रांगा. बायकांची जागा पडदा लावून वेगळी केलेली, कोपऱ्यात पांघरुणांची चळत. कोणी घोरत होतं, कोणी खोकत होतं. तिथला सुती सदरा-विजार घालून मी आडवी झाले, आणि एकदम पहाट.

आता हे दिवसभर मनातून जात नाही. घरी माझी झोप अशी नसते. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, आई जेवूनखाऊन, ओटा आवरून नऊला फोन करते तेव्हा इथे साडेबारा वाजलेले असतात. ती विसरत नाही, पण एकटी असते, काय करेल? म्हणून फोन उशाशी. छोटी खोकली की मला तिच्याआधी जाग येते. याचा हात झोपेत अंगावर पडला तरी जाग येते. आणि काल पंधरावीस परक्या बायकांच्या घोरण्यात मी दगडासारखी झोपले. ज्या घरासाठी मी दिवसभर राबते, त्या घरात मला झोप नाही. माझी झोप गेलीय हे कोणाच्या लक्षात तरी आलं का? कोणी विचारलं? आज दुपारी भांडी घासताना हेच येत होतं मनात आणि डोळे भरून येत होते.

पण खरी टोचणी ती नाही. किल्ली फिरवली तेव्हा मला बरं वाटलं होतं. साडेबाराला आईचा फोन वाजेल, आणि तो मला ऐकू येणार नाही, याचं बरं वाटलं होतं. ही टोचणी आहे. सकाळी पाहिलं तर खरंच दोनदा वाजून गेला होता. ताबडतोब लावावा म्हटलं, तर तिथे रात्रीचा दीड. आठ वाजेपर्यंत मी चहा पुन्हा पुन्हा गरम करत बसले. साडेचारला आई उठतेच. म्हणाली, "काही नाही गं, सहजच केला होता. तू झोपली असशील म्हटलं." मी हो म्हटलं.

पहाटेचं एक राहिलं. कपडे बदलायच्या खोलीत आरशांपुढे सगळ्या जणी बसल्या होत्या. एक केस वाळवत होती, एक ब्लाउजच्या चुण्या ओल्या हाताने सारख्या करत होती. एक आजी, पाठीला चांगलाच बाक आलेला, आत स्वतःचं स्टूल गरम पाण्याने दोनदा खंगाळत होती, मग त्यावर घमेलं पालथं घातलं, आणि पुन्हा एकदा वळून पाहिलं नीट बसलंय ना. दाराशी कोणीतरी हळू आवाजात फोनवर सांगत होतं, आता निघते, येताना पाव आणते. यातलं कोणीही घर टाकून आलेलं नव्हतं. ओसाकात 1979 साली वास्तुविशारद किशो कुरोकावांनी पहिलं कॅप्सूल हॉटेल, म्हणजे एकेक माणूस आडवा होईल एवढ्याच खणांचं हॉटेल, उभं केलं, तेही एका सॉना चालवणाऱ्या मालकासाठी. गाडी चुकलेली माणसं त्याच्या सॉनात रात्र काढायची, ते बघून त्याला ते सुचलं. म्हणजे या जागा पहिल्यापासून परत जाणाऱ्यांसाठीच आहेत. सकाळी घरी जायचंय म्हणूनच लोक तिथे झोपतात.

मलाही जायचंच होतं. छोटीच्या खोकल्याला जागा असणारा माझा कान मला नकोसा झालेला नाही. आईचा फोनही नाही. रोज हवा आहे. एखाद्या रात्री तो वाजताना मी तिथे नसले तर मी वाईट मुलगी ठरत नाही, असं आज संध्याकाळी मला वाटायला लागलंय. उद्या सकाळी काय वाटेल कोण जाणे, पण आत्ता वाटतंय.

जेवताना याला सगळं सांगितलं, किल्लीचंसुद्धा. त्याने पोळी तशीच ठेवली आणि म्हणाला, "महिन्यातून एकदा जा ना. मी आहे इथे. आईंचा फोन मी घेईन." मला वाटलं होतं तो दुखावेल.

डिसेंबरात ताई येतेय. हिवाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या दिवशी इथे हौदात युझूची फळं सोडतात, पिवळीधमक, लिंबासारख्या वासाची. ताईला न्यायचंय. कपडे काढण्यावरून ती तासभर वाद घालेल, ते मी बघून घेईन. फोन मात्र ती कुलपात ठेवणार नाही, आईचा आला तर म्हणेल. म्हणून आईलाच आधी सांगून ठेवते, त्या रात्री जावयाला फोन कर, आम्ही दोघी नाही.