बदलीचा दिवस आणि वाडीतला पंप

मी वसईत एका चर्चच्या ऑफिसात क्लार्क आहे, बरीच वर्षं झाली. बाप्तिस्म्याचे दाखले, मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) इंटेंशनची, म्हणजे ती कोणासाठी अर्पण करायची त्याची वही, हॉलचं बुकिंग, असलं सगळं. फादरांच्या बदल्या पावसाळ्याच्या तोंडावर होतात आणि तो दिवस म्हणजे आम्हा ऑफिसवाल्यांचा जीव जातो, किल्ल्या मोजा, पासबुकं काढा, मिस्साचे प्याले दाखवा, बाप्तिस्मा-लग्न-मृत्यूची रजिस्टरं दोन्ही फादरांसमोर ठेवून सह्या घ्या.

यावेळी वातावरण आधीच तापलेलं. 1998 ला मुंबईपासून वेगळा वसई धर्मप्रांत (बिशपांच्या हाताखालचा विभाग) झाला तेव्हा आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, वाड्याच जास्त होत्या, आता निम्मे लोक बिल्डिंगमधले, तमिळ, मल्याळी, मंगलोरी, गोवेकर. त्यांना रविवारी सकाळी इंग्लिश मिस्सा हवी, गाववाले म्हणतात सकाळची मराठीची वेळ हलवायची नाही. वर्षभर हेच चाललेलं. जुने फादर दोन्हीकडून बोलणी खायचे, तरी निघाले तेव्हा गावातल्या बायका लाल लुगड्याच्या पदराने डोळे पुसत होत्या. सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, एवढी पाकिटं आली की माझं टेबलच दिसेना!

संध्याकाळी नवीन फादरांच्या स्वागताची मिस्सा होती आणि सकाळी फोन आला, एका बिल्डिंगमध्ये आजी वारल्या. तमिळ कुटुंब, भाड्याने राहायला येऊन फार दिवस नाही झालेले, नातेवाईक सगळे तिकडे तामिळनाडूत. मुलगा ऑफिसात आला, चप्पल दाराबाहेर काढून उभाच राहिला, म्हटलं बसा हो, तर म्हणाला मॅडम आमची इथे कोणाशी ओळख नाही.

आणि इथे प्रश्न पडला की अंत्यविधी करायचा कोणी? जुन्या फादरांनी किल्ल्या दिलेल्या, नवीन फादरांनी तर अजून शपथही घेतली नव्हती. चर्चच्या कौन्सिलमधले दोघं तिघं यावरच वाद घालायला लागले, मला तर वैतागच आला, मयत घरात आहे आणि यांचं हे! शेवटी एका वयस्कर फादरांना फोन लावला. ते म्हणाले कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, 191 वं कलम बघा, बदली झाली तरी दुसऱ्या जागेचा ताबा घेईपर्यंत पहिली जागा सुटत नाही. जुने फादर हसले आणि म्हणाले, चला, अजून एक दिवस तुमचाच. किल्ल्या परत माझ्याकडून घेतल्या.

पण खरी पंचाईत कबरस्तानात. रात्रभर पाऊस, आमच्याकडची जमीन वाळूची, खड्डा खणला की खालून पाणी येतं. स्वागताची कमान बांधायला आलेली पोरं बांबू तिथेच टाकून फावडी घेऊन गेली, कोणी सांगितलं नव्हतं. एक काका वाडीतून पानवेलीला पाणी देतात तो पंप टेम्पोत घालून घेऊन आले, एक पाईप कबरीत आणि दुसरा रस्त्याकडेच्या गटारात. पंप आचके देत होता, पाणी जरा कमी झालं की कडेची वाळू ढासळायची, मग पोरं फळ्या लावायची. काका चिखलात गुडघ्यापर्यंत उभे. हेच काका गेल्या मीटिंगमध्ये इंग्लिश मिस्साच्या विरोधात सगळ्यात मोठ्याने बोलले होते बरं का.

चर्चमध्ये इंग्लिशमधून विधी झाला. गायला बिल्डिंगची माणसं, ऑर्गनवर आमच्या मराठी गायनमंडळाची मुलगी. कमानीसाठी आणलेला सगळा झेंडू आणि शेवंती शवपेटीवर गेली. नवीन फादर साध्या झग्यात मागच्या बाकावर येऊन बसले होते, कोणी ओळखलंच नाही त्यांना, नंतर शवपेटी उचलायला तेही पुढे झाले. हॉलमध्ये चहाबरोबर त्या मुलाला आणि शेजाऱ्यांना जुन्या फादरांनी निरोपाची सुकेळी वाटून टाकली.

मला विचाराल तर त्या दिवशी देवाने काय दिलं ते मला त्या पंपाच्या आवाजात कळलं. फादर येतात जातात, आपण उगाच धास्तावतो की आता कसं होणार.

संध्याकाळी कमान नव्हती, नवीन फादर नुसत्या बांबूंखालून आले आणि मिस्सा मस्त झाली. मृत्यूच्या रजिस्टरमध्ये शेवटची सही जुन्या फादरांची, ती मी त्यांना जीपमध्ये बसायच्या आधी थांबवून घेतली.

इंग्लिश मिस्साचं म्हणाल तर वाद अजून चालूच आहे. परवाच्या मीटिंगमध्ये पंपवाले काका म्हणाले की वेळ काय ती ठरवा, पण आमची साडेसातची हलवायची नाही.