तुम्ही विचारलंत म्हणून: हा झे सेर्जिओ कोण?

ब्राझीलच्या फुटबॉलमधला तुमचा आवडता विंगर (मैदानाच्या कडेने हल्ला चढवणारा खेळाडू) कोण, असं कुणी विचारलं की मी झे सेर्जिओचं नाव घेतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: गारिंचासारखा दिग्गज विंगर सोडून हा कुठून काढलात?

झे सेर्जिओ साओ पाउलो क्लबचा विंगर, ब्राझीलचा नामांकित खेळाडू रिव्हेलिनोच्या नात्यातला. मार्च १९७८मध्ये अटलेटिको मिनेइरोला पेनल्टीवर हरवून साओ पाउलो पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला, त्या फायनलमध्ये तो होता. त्याच वर्षी विश्वचषकाच्या संघातही होता. पण मी त्याला ओळखतो तो जानेवारी १९८१मुळे. माजी विश्वविजेत्यांसाठी उरुग्वेत भरलेल्या ‘मुंदियालितो’त ब्राझीलने पश्चिम जर्मनीला, म्हणजे तेव्हाच्या युरोपविजेत्यांना, ४-१ने धुतलं. आधी एका गोलने मागे पडून! शेवटचा गोल याचा. चेंडू पायाशी आला की समोरच्या फुलबॅकने (कडेच्या बचावपटूने) कुठल्या पायावर भार टाकलाय ते हेरायचं आणि नेमकं दुसऱ्या बाजूने निघून जायचं, हा त्याचा खेळ.

१९८२च्या विश्वचषकाआधी दुखापतींनी घात केला. डावी बाजू एडेरकडे गेली आणि जगाने एडेरला पाहिलं. एडेरचा डावा पाय म्हणजे तोफच, त्याबद्दल वाद नाही. पण बचावपटूला जागच्या जागी गुंगवणारा माणूस त्या संघाला इटलीविरुद्धच्या हरलेल्या सामन्यात उपयोगी पडला असता, असं मला अजून वाटतं. (तेव्हाचे प्रशिक्षक टेले सांताना यांचे भक्त इथे चिडतात. चिडू देत.)

पुढे १९८४ला सांतोस क्लबसोबत साओ पाउलो राज्याचं विजेतेपद, मग जपानमध्ये हिताची संघ. तोच संघ पुढे काशिवा रेसोल झाला आणि याने त्याचं प्रशिक्षणही केलं. नंतर तो साओ पाउलोत परतला, मुलांना शिकवायला. क्लबच्या युवा संघांचं कोतियातलं केंद्र २००५चं. लुकास मोउरा, कासेमिरो, अँतोनी तिथूनच वर आले. त्यांचं श्रेय कुणा एकाला देऊ नये. अशा ठिकाणी एक पोर डझनभर हातांखालून जातं.

तरी चौदा-पंधरा वर्षांच्या विंगरसमोर, दुखापतींमुळे १९८२चा विश्वचषक हुकलेला माणूस उभा असणं मला फार मोलाचं वाटतं. या वयातलं पोर तीनदा चेंडू गमावतं आणि काठावरून सगळे ‘पास दे’ म्हणून ओरडू लागतात. चौथ्यांदाही समोरच्याला चकवायला जाऊ द्यायचं की नाही, हे ज्याने स्वतः ते केलंय त्यालाच नीट ठरवता येतं.