यादीतली माणसं, रांगेतली माणसं

लोकसभेचं मतदान झालं की दुसऱ्या दिवशी आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांची धुलाई ठरलेली. २० मे २०२४ ला कल्याण मतदारसंघात कसंबसं पन्नास टक्के मतदान झालं, तिकडे गडचिरोली-चिमूर एकाहत्तरच्या पुढे गेलं होतं. मग सुरू झालं. शिकलेली माणसं अशीच, सोमवारची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून पळतात, यांना फक्त तक्रारी करता येतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी "लाज वाटली पाहिजे" असा लांबलचक मेसेज टाकला. काका स्वतः त्या दिवशी गणपतीपुळ्याला होते, ती गोष्ट वेगळी.

मी शाळेत शिकवते आणि त्यावर बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं काम गळ्यात आहे. एका मतदान केंद्राची यादी, बाराशे-चौदाशे नावं. नवीन नाव घालायचं तर नमुना ६, कमी करायचं तर ७, पत्ता बदलायचा तर ८. निवडणूक आली की घरोघर चिठ्ठ्या वाटायच्या. दार अर्धवट उघडतं आणि आतून पहिला प्रश्न येतो, "कुठल्या पक्षाकडून?" नाही हो, सरकारकडून, म्हटलं की चेहरा आणखी पडतो. पण या कामामुळे एक झालं. मत न देणारी माणसं मला टक्क्यात दिसत नाहीत, दारात दिसतात. आणि मला विचाराल तर आळशी मतदार माझ्या यादीत आहेत, पण काका म्हणतात तेवढे नाहीत.

समोरच्या टॉवरच्या गेटवर बसणारा वॉचमन लातूरकडचा आहे. इथे राहून बरीच वर्षं झाली. नाव इथे घालू या म्हटलं तर हसून म्हणाला, "मॅडम, गावातलं नाव काढून इथं घातलं तर गावात आमचं राहिलं काय?" शेत भावाकडे, घर पडीक, आईवडील गेलेले. यादीतलं नाव तेवढं उरलंय. मग लोकसभेला का गेला नाहीस? तर बारा तासांची ड्युटी, ठेकेदार म्हणतो सुट्टी घे पण हजेरी लागणार नाही. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यायची असं कायद्यात आहे, ती मतदारसंघाबाहेर कामाला असलेल्यालाही लागू आहे, हे मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली. ठेकेदाराला कायदा सांगून महिनाअखेरीला पगार मागायला त्यालाच जायचंय, मला नाही. जाण्यायेण्याचं भाडं वर. पण ग्रामपंचायतीला मात्र तो जातो. तेव्हा चुलतभाऊ उभा असतो नाहीतर चुलतभावाचा वैरी, आणि मुंबई-ठाण्यातली माणसं गोळा करून न्यायला गाडी येते. आता हा माणूस मतदार आहे की बेफिकीर? आकडेवारीत तो लातूरच्या टक्केवारीतून वजा होतो आणि शिव्या डोंबिवलीने खायच्या, कारण तो राहतो इथे.

माझं माहेर कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं. २०२४ च्या विधानसभेला राज्यात सहासष्ट टक्के मतदान झालं, १९९५ नंतरचं सगळ्यात जास्त, म्हणून केवढं कौतुक झालं. करवीरमध्ये चौऱ्याऐंशी टक्क्यांच्या वर गेलं होतं. तिथली माणसं काय राज्यशास्त्र शिकून आलेली नाहीत. पण कारखान्याला मत, सेवा सोसायटीला मत, ग्रामपंचायतीला मत. गोकुळ दूध संघाची निवडणूक आली की दूध संस्थेचा ठराव कुणाच्या नावाने करायचा यावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात, ज्यांच्या नावाने ठराव होतो, म्हणजे ज्यांना मत असतं, त्या ठरावधारकांना सहलीला नेऊन ठेवतात. या सगळ्यात आमदारकी म्हणजे आणखी एक. वर्षात निवडणूक नसली तर गावाला करमत नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेपासून दोनशे मीटर सोडून दोन्ही गटांची टेबलं लागतात. पक्ष नंतर, आधी गट. टेबलावर यादी, हातात पेन्सिल. झालेल्या नावावर खूण. दुपारी दोनच्या सुमारास खुणा नसलेल्या नावांची पोरांना वाटणी होते आणि घरी निरोप येतो, "तुमच्यातली चार झाली, धाकट्या वहिनींचं ऱ्हायलंय." पुण्याला नोकरीला असलेल्या पोराला आदल्या रात्रीच चार फोन झालेले असतात. आईचे गुडघे गेलेत हे दोन्ही गटांना ठाऊक, त्यामुळे तिला न्यायला दोन गाड्या आल्या. कायद्यात हे बसत नाही, पण येतात. आई दोघांनाही नको म्हणाली. "एकाच्या गाडीतनं उतरले तर मत त्यालाच दिलं म्हणणार. आणि दुसऱ्याला पाच वर्षं तोंड दाखवायचंय." मग काठी टेकत चालत गेली, वाटेत दोन्ही टेबलांना सारखाच नमस्कार करत, आणि आत जाऊन काय दाबलं ते आजतागायत बाबांनाही सांगितलेलं नाही.

यात सगळंच गोड आहे असं नाही. तिथे न जाण्याची सोयच नाही. गेला नाहीस म्हणजे कुणाला पाडायला गेला नाहीस, हा हिशेब गाव मांडतं आणि तो पुढच्या पाणंद रस्त्याच्या भांडणात निघतो. पाकिटंही फिरतात, नाही कशाला म्हणू? पण मूळ गोष्ट ही की तिथे मत मागायला माणूस दारात येतो, नाव घेऊन मागतो, आणि नाही मिळालं तर त्याला ते खरंच लागतं. २०१४ ला करवीरचा निकाल ७१० मतांवर लागला. २०२४ ला दोन हजारांच्या आत. गावातल्या प्रत्येक भावकीला वाटतं की तो निकाल आपणच फिरवला, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी नाही.

दादाला मी सांगितलं की आमच्या बिल्डिंगमध्ये यंदा एकही उमेदवार फिरकला नाही, खाली गेटवर पत्रकं ठेवून गेले. त्याला ते खरंच वाटेना. "आगं, मागायलाच कोण येत न्हाई तर देता कुणाला?"

बरोबर आहे त्याचं. शहरात दाराशी येणारा माणूस म्हणजे नगरसेवक. आमच्या महापालिकेची निवडणूक २०१५ ला झाली, मुदत २०२० ला संपली, आणि पुढची निवडणूक उजाडली थेट १५ जानेवारी २०२६ ला. पाच वर्षांवर नगरसेवकच नाही. नळाला पाणी नाही तर जायचं कुणाकडे हेच विसरलेल्या लोकांना मतदानाची सवय कशी राहावी? त्यातही काही जागा बिनविरोध गेल्या, तिथे तर बटण दाबायचाही प्रश्न नव्हता. मतदार जनजागृतीच्या रांगोळ्या काढायला मात्र आमच्या शाळेतल्या मुली दोन दिवस उन्हात बसल्या होत्या.

तरीही याच डोंबिवलीत अशी माणसं मतदानाला येतात की मी थक्क होते. माझ्या भागात एक तीन मजली जुनी इमारत होती. धोकादायक म्हणून नोटीस लागली, रिकामी केली, पाडली. आता तिथे पत्रे लावून ठेवलेत. बिऱ्हाडं पांगली, कुणी बदलापूर, कुणी टिटवाळा, कुणी दिवा. इमारत नाही, पण यादीत ती अजून उभी आहे, खोली क्रमांकासकट. नियमाने त्यांनी नमुना ८ भरून नाव नवीन पत्त्यावर न्यायला हवं, आणि मी दरवेळी फोन करून सांगते. सगळे हो हो म्हणतात. कुणी नेत नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसात-आठच्या लोकलने ही मंडळी येतात. चुकूनमाकून नाही, ठरवून. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू डब्यात खोबऱ्याच्या वड्या घेऊन येतात. रांगेत उभं राहून कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाची बायपास झाली, बिल्डरने भाडं थकवलंय का, सगळं होतं. मत देऊन झाल्यावर शाळेच्या फाटकाबाहेर अर्धा-पाऊण तास हलत नाहीत, पोलीस दोनदा हटकतो. एकदा मी म्हटलं, "काका, बदलापूरला घराशेजारी केंद्र आहे तुमच्या." ते म्हणाले, "तिथं रांगेत माझ्या ओळखीचं कोण असणार?" आता याला लोकशाहीवरची निष्ठा म्हणायचं की शेजारधर्म, ते तुम्ही ठरवा. टक्क्यात मात्र हे सगळे धरले जातात, वॉचमन धरला जात नाही.

चौदाव्या मजल्यावरचा एक आयटीतला मुलगा माझा आवडता आहे, कारण तो खोटं बोलत नाही. "मॅडम, वीस-एकवीस लाख मतदारांत माझ्या एकाने काय होणार?" मला वाटलं याला गाठलंच. सांगितलं, मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल २०२४ ला ४८ मतांवर लागला, आणि तिथे सात लाखांहून जास्त माणसं घरी बसली होती. तो शांतपणे म्हणाला, "पण मी गेलो असतो तर ४७ झाला असता नाहीतर ४९." मग मी राजस्थानातलं नाथद्वारा काढलं, २००८ ला तिथे विधानसभेचा उमेदवार एका मताने पडला होता. "इतक्या वर्षांत एवढ्या मोठ्या देशात अशी दोन-तीन उदाहरणं, म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं ना?" गणितात त्याला हरवणं मला जमलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तो गणितात बरोबरच आहे. निकाल फिरवायला म्हणून कुणी मत देत असेल तर ते माझी करवीरची भावकी सोडून कुणी नाही. बाकीचे वेगळ्याच कारणांनी येतात.

नोटावाले, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' दाबणारे, एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या दहांत. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही सोय दिली तेव्हापासून ते तेच दाबतात आणि रांगेत सगळ्यांना सांगतात. नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी विधानसभेला पहिला उमेदवारच निवडून येतो, हे त्यांना माहीत आहे. लातूर ग्रामीणला २०१९ मध्ये नोटा साडेसत्तावीस हजार मतं घेऊन दुसरा आला होता, तो आकडा त्यांच्या तोंडपाठ. "मला निवडायचं नाहीये, मला नापास करायचंय," म्हणतात. जन्मभर बँकेत लोकांच्या स्लिपा परत केलेला माणूस, दुसरं काय म्हणणार.

चाळीतल्या आजींचं कारण सगळ्यात साधं आहे आणि बहुतेक तेच सगळ्यात जास्त लोकांचं असावं. मत नाही दिलं तर नाव कापतात, असं त्यांना पक्कं वाटतं. मी कितीदा समजावलं की मत न दिल्याने नाव जात नाही, घरी कुणी सापडलं नाही, माणूस गेला किंवा सोडून गेला असं नोंदलं गेलं तर जातं. त्या म्हणतात, "तेच की गं बाई. दिसलं नाही की गेलं." रेशनकार्डावर त्यांचं नाव सुनेच्या खाली, वीजबिल मुलाच्या नावाने, खोलीची कागदपत्रं दिराकडे. मतदार यादीत तेवढ्या त्या स्वतःच्या ओळीवर आहेत, फोटोसकट. चिठ्ठी दिली की फोटो डोळ्यांशी धरून बघतात आणि दरवेळी म्हणतात, काय हे ध्यान काढलंय. पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरी येऊन मत घेतात, तुमचा अर्ज भरू का, विचारलं तर नकोच म्हणाल्या. घरी दिलं तर लोकांना कळणार कसं?

आणि धुणीभांडी करणाऱ्या तिघीजणी सकाळी सातच्या आधी फाटकाशी असतात, कारण साडेआठला पहिलं काम. विधानसभेच्या वेळी त्यांच्यात लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांवरून वाजलं होतं. एक म्हणाली, ज्यांनी दिले त्यांना द्यायला नको का? दुसरी म्हणाली, पैसे सरकारचे, मत माझं. तिसरी म्हणाली, गप्प बसा, पोलीस बघतोय.

सध्या नवीन नावांचं काम चालू आहे. आता वर्षातून चार तारखा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली, त्यामुळे अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभर थांबावं लागत नाही. परवा त्या पाडलेल्या इमारतीतले काका टिटवाळ्याहून मुलीला घेऊन शाळेत आले. नमुना ६ भरून आणलेला, पत्ता जुन्या खोलीचा. मी म्हटलं, काका, हिचं नाव जिथे राहते तिथेच लागेल, टिटवाळ्याला. जिथे पत्रे आहेत तिथे ती राहते असं मी कसं लिहू? त्यांनी अर्ज परत घेतला, घडी घातली आणि जरा रागावूनच म्हणाले, "म्हणजे आम्ही सगळे इकडे येणार आणि पोरगी एकटीच तिकडे जाऊन मत देणार?"

मुलगी म्हणाली, "चालेल की बाबा." मी तिला टिटवाळ्याच्या बीएलओचा नंबर दिला.