५६०० घेऊ, ५६००एक्स घेऊ की ५६००जी? प्रोसेसर बदलतानाचा माझा अनुभव

घरच्या डेस्कटॉपला एएमडीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर होता, बी४५० मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटर सरळ बोर्डाच्याच एचडीएमआयला लावलेला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत २२००जी बसत नाही, म्हणून प्रोसेसर बदलायचं ठरवलं. एएम४ सॉकेटमुळे (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड आणि रॅम तेच ठेवता येतात, हे मला एएमडीचं मनापासून आवडतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात विचारत फिरलो तर कुणी रायझन ५ ५६०० काढून दाखवतोय, कुणी ५६००एक्स, एकजण तर म्हणाला "सगळे सारखेच हो दादा, एक्स घ्या, फास्ट आहे." सारखे अजिबात नाहीत! ५६०० आणि ५६००एक्स दोन्हीत ग्राफिक्सच नाही, म्हणजे माझ्यासारख्या सेटअपला बसवला तर पीसी चालू होणार, पंखे फिरणार आणि स्क्रीन काळीच राहणार. जी म्हणजे आत ग्राफिक्स आहे. एक्स म्हणजे क्लॉक (चालण्याचा वेग) थोडा जास्त, बस.

मग जी मध्ये काही कमी असतं का, तर असतं. ५६००जी ची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० ची ३२, आणि पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड वगैरे जोडायची वाट) ४.० ऐवजी ३.० मिळतं. पण बी४५० बोर्ड मुळात ३.० चाच, त्यामुळे तो मुद्दा माझ्यासाठी गेलाच. कार्ड लावून गेम खेळणाऱ्याने मात्र ५६०० च घ्यावा. मी ५६००जी घेतला, बिलावर पूर्ण नाव अक्षरासकट लिहून घेतलं.

आणि हे नियम सगळीकडे लागू होत नाहीत हां. एएमडीच्याच ७००० सिरीजच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अक्षर नसलं तरी छोटं ग्राफिक्स असतं आणि ७५००एफ सारख्या एफ वाल्यात नसतं. इंटेलचंही तसंच, आय५ १२४०० मध्ये आहे, १२४००एफ मध्ये नाही. के म्हणजे ओव्हरक्लॉक करता येतो (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येतो), पण १२६००के च्या बॉक्समध्ये कूलर येत नाही, तो खर्च वेगळा धरा.

बसवण्याआधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या, जुन्या बायोसवर ५००० सिरीज चालत नाही, आणि ते करताना लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो म्हणून मी यूपीएसवर केलं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, नवा प्रोसेसर बघून बोर्ड एफटीपीएम (लॉकच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) रिसेट करायचं का विचारतो, आणि रिसेट केलं की विंडोज ती रिकव्हरी की मागतं. कूलर काढायच्या आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम होऊ द्या आणि मग बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच फिरवत सोडवा. एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असतात, कूलर आणि प्रोसेसरमधल्या थंड पेस्टमुळे कूलरला चिकटून अख्खा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पहिल्यांदा स्वतः बदलणाऱ्यांनी हे खरंच घाई न करता करा.

विंडोज ११ च्या तपासणीत आता प्रोसेसरपुढे हिरवी टिक येते. रॅम ८-८ च्या दोन स्टिक लावल्यात, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि एकाच स्टिकवर ते बरंच हळू पडतं.